शकूअक्का आणि परक्या अंगणातल्या मिरच्या

ईशान, रेवा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारलं, "आजी, तुझ्या फ्रिजवरच्या फोटोत तो राजासारखे कपडे घातलेला माणूस शिंकतोय का? आणि त्याच्या शेजारच्या साडीवाल्या बाई एवढ्या का हसताहेत?" प्रश्न दोन होते, उत्तर एकच आहे, पण ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून लिहिते. मराठीतच लिहिते; अडेल तिथे बाबाला विचारा.

साडीवाल्या बाई म्हणजे शकूअक्का. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. वयाने माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण हेब्बाळच्या आमच्या या इमारतीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्या मला वैनी म्हणतात. मूळच्या निपाणीच्या. तिकडच्या बायका 'मी येते, मी जाते' न म्हणता 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पुढे अक्कांच्या तोंडी तसं आलं तर आजीची चूक झाली असं समजू नका.

अक्कांनी एका सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग काढली. निवृत्त झाल्या तरी अंबाड्यात पेन्सिल खोचलेलीच असते आणि पर्समध्ये सहा इंची पट्टी. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा लोक बघतात तसं त्यांनी शोकेसकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या फोटोंकडेही नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वैनी, हे दार उलट्या बाजूला उघडायला पाहिजे होतं ओ. रोज तुमच्या कोपराला कडी लागत असणार."

लागत होती. अकरा वर्षं लागत होती आणि मला वाटायचं माझंच चुकतं. दुसऱ्या दिवशी त्या सुताराला घेऊन आल्या.

इमारतीत त्यांचं नाव झालं ते मात्र गच्चीमुळे. आमच्या सेक्रेटरींनी गच्चीच्या दारावर नोटीस लावली होती, की इथे फक्त कपडे वाळत घालावेत, खाण्याचे पदार्थ नाहीत. अक्कांनी नोटीस नीट वाचली, अक्षर चांगलं आहे म्हणाल्या, आणि वर्षाच्या मसाल्यासाठी चार किलो मिरच्या पसरून ठेवल्या. एप्रिलमधली दुपार होती. मी झोपले होते. अचानक दाराची घंटा थांबेचना आणि जिन्यातून आवाज आला, "मळे बंतु, मळे! पाऊस आला ओ, वर चला सगळे!"

मी वर पोचेपर्यंत अक्कांच्या मिरच्या आत घेऊन झाल्या होत्या आणि त्या दोऱ्यांवरचे कपडे उतरवत होत्या. सगळ्यांचे. जिन्याच्या चौकात बसून त्यांनी ते घड्या घालून फ्लॅटप्रमाणे लावले, प्रत्येक ढिगावर पेन्सिलीने नंबर लिहिलेली चिठ्ठी. कोणता टॉवेल कोणाचा हे त्यांना कसं ठाऊक, हे मला आजही कळलेलं नाही. पण खरी गंमत पुढे. पाण्याच्या टाकीमागे, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, एका धोतरावर दीडशे-दोनशे पापड वाळत होते. अक्कांनी तेही गोळा केले आणि सरळ सेक्रेटरींच्या दाराशी गेल्या. "घ्या साहेब, तुमचे हप्पळ. स्वल्प ओले आहेत, पंख्याखाली ठेवा."

सेक्रेटरींची बायको आतून हसत होती. संध्याकाळी नोटीस दारावर नव्हती.

मी त्यांना विचारलं, "अक्का, दुसऱ्यांच्या वस्तूंना न विचारता हात कसा लावता?"

"वैनी, वाळवण कुणाचं ते मागनं बघायचं. आधी आत घ्यायचं."

निपाणीला त्यांच्या गल्लीत म्हणे हीच पद्धत होती. ढग आला की जो जवळ असेल त्याने धावायचं. घर कोणाचं, भांडण कोणाशी, हे नंतर. ज्यांच्याशी दोन वर्षं बोलणं बंद होतं त्या काकूंच्या कुरडया अक्कांच्या आईने आत घेतल्या होत्या, आणि मग बोलणं तसंच बंद ठेवून परत नेऊन दिल्या होत्या.

अक्कांची दुसरी सवय म्हणजे गुरुवार. त्यांचे यजमान घरातून फारसे बाहेर न पडणारे होते. ते गेल्यावर वर्षभर अक्काही बसून होत्या. मग एका गुरुवारी त्या उठल्या, हेब्बाळच्या थांब्यावर जी पहिली बस आली तिच्यात चढल्या आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या. तिथे चहा घेतला आणि परत आल्या. पुढच्या गुरुवारी दुसरी बस. मी एकदाच बरोबर गेले. येलहंकाच्याही पुढे कुठेतरी बस थांबली, कंडक्टर म्हणाला, "अम्मा, लास्ट स्टॉप, इळीरी." उतरून बघते तर एक पत्र्याची शेड आणि एक गाय. मी विचारात पडले की इथे करायचं काय. अक्कांचा चेहरा असा फुललेला, जणू समुद्र दिसला होता.

"बघा वैनी! हितं बस संपते."

"अहो पण हरवलो असतो तर?"

"हरवायला काय झालं? घरचा पत्ता तर आपल्याकडंच आहे की."

हे वाक्य त्यांचा मुलगा प्रसाद याला अजिबात पटत नसे. प्रसाद शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, मोठ्या कंपनीत आहे. मुलगा अतिशय चांगला, पण काळजी करण्यात पहिला नंबर. त्याने आणि सूनबाई स्मिताने आपल्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात अक्कांसाठी खोली तयार करून ठेवली होती. नवा पलंग, देवघर, भिंतीला धरायला दांडी. दर महिन्याला तो म्हणायचा, "आई, चल ना आता." अक्का म्हणायच्या, "खोली झकास आहे रे. तळ्याच्या घाणीचा वास येतो, तिकडची खिडकी तेवढी उघडायची नाही." आणि विषय बदलायच्या.

अशात अक्का कोरियन मालिका बघू लागल्या. रडणारी नायिका, देखणा नायक, यातलं त्यांना काही दिसत नसे. त्यांना दिसायची घरं. "वैनी, ती माणसं जमिनीवर झोपतात, आणि जमीन गरम असते. खालून चुलीचा धूर फिरवतात म्हणे. खरं, तो धूर जातो कुठं? खोलीत येत कसा नाही?" (निपाणीकडे 'पण' म्हणायचं तिथे 'खरं' म्हणतात.) त्यांनी पाच-सहा आकृत्या काढून बघितल्या. एकीतही धूर नीट वळेना. शेवटी पेन्सिल अंबाड्यात खोचून म्हणाल्या, "हे जाऊनच बघायला पाहिजे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

प्रसादला हे कळलं तेव्हा तो ऑफिस सोडून हेब्बाळला आला. बोलणी आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली, कारण अक्का म्हणाल्या की दोघांच्याही घरात नको, मधलं घर बरं. प्रसाद म्हणाला, "आई, एकटी, परका देश, भाषा येत नाही. तुला काही झालं तर?" अक्का म्हणाल्या, "तुझ्या काळजीला अंत पाहिजे की नाही? एकदा काय ते ठरवू." त्यांनी कागद घेतला आणि त्यांच्या त्या सरळ, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: सहा दिवस एकटीने कोरिया. दर तासाला एक फोटो पाठवणार. वाट चुकले, वाहन चुकले किंवा कोणाला शोधायला यावं लागलं, तर हेब्बाळचं घर बंद करून बेळ्ळंदूरला राहायला येणार. सगळं सुरळीत झालं, तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून माझी.

सही करायची माझी इच्छा नव्हती, हे तुम्हाला म्हणून सांगते. हरल्या असत्या तर माझ्या डोक्यावरची त्यांची पावलं बंद झाली असती.

दसरा झाल्यावर अक्का गेल्या. इरकली साडी, वर स्वेटर, पायात पांढरे बूट. पहिले चार दिवस दर तासाला फोटो येत होते. पाचव्या दिवशी त्यांनी सोल शहरातून दिवसभराच्या सहलीची बस घेतली. त्या बसचा शेवटचा थांबा होता एक जुन्या घरांचं गाव. गवताने शाकारलेली, कौलारू, श्रीमंतांची, शेतकऱ्यांची घरं तिथे मांडून ठेवली आहेत आणि जुन्या वेशातली माणसं त्यांत कामं करताना दिसतात. थांबा दोन तासांचा. गाइड मुलीने बजावून सांगितलं होतं, बस बरोबर चारला सुटेल, कारण काही जणांची विमानं आहेत.

यापुढचं अक्कांनीच मला सांगितलं. मी खात्रीसाठी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा हकीकत एकच आली.

दीड तास त्या चुली बघत फिरल्या. चुलीचं तोंड दिसे, घराच्या पलीकडे जमिनीतून वर आलेलं धुराडं दिसे, पण मधलं काही कोणी सांगेना. साडेतीनला परत निघाल्या, तर एका शेतकऱ्याच्या अंगणात त्यांना दिसल्या मिरच्या. लाल, लांब, चटयांवर पसरलेल्या. आणि त्याच क्षणी वर ढग आला.

"वैनी, पहिला थेंब हातावर पडला आणि मला कोरिया-बिरिया काही आठवलं नाही बघा."

अंगणाला दोरी लावलेली होती, आत जाऊ नये म्हणून. अक्का दोरीखालून आत. चटईची दोन टोकं धरली आणि ओसरीकडे ओढू लागल्या. घरातून एक साठीची बाई धावत आली, जुना वेश, डोक्याला पांढरं फडकं. आधी ती ओरडली. मग तिने आभाळाकडे बघितलं, अक्कांच्या हातांकडे बघितलं, आणि चटईची दुसरी बाजू धरली. तिचं नाव ओक्सून. अक्का तिच्याशी कन्नडमध्ये बोलत होत्या. "परकं माणूस दिसलं की माझ्या तोंडात कन्नडच येतं, काय करू? 'बेगा, बेगा' म्हटलं, लवकर कर. तिला कळलं की!" ओक्सून कोरियनमध्ये काहीतरी तितक्याच जोरात सांगत होती. दोघींनी मिळून सहा चटया आत घेतल्या.

इथे थांबल्या असत्या तर बस मिळाली असती. पण शेजारच्या घराच्या दोरीवर कपडे होते.

अक्कांनी तेही उतरवले. ओसरीवर बसून घड्या घातल्या. एक जाड रेशमी निळा झगा होता, त्याची घडी चटकन बसेना, ती दाबून राहावी म्हणून त्यांनी त्याच्यावर मिरच्यांची टोपली ठेवली. चिठ्ठी मात्र लावली नाही, कारण घराला नंबर नव्हता.

पाऊस दहा मिनिटांत थांबला. पलीकडच्या चौकात जुन्या पद्धतीच्या लग्नाचा खेळ सुरू व्हायचा होता. ढोल वाजत होते, नवरी बसली होती, शंभरेक लोक जमले होते, आणि नवरदेव पांढऱ्या आतल्या कपड्यांत घरोघर फिरून आपला झगा शोधत होता.

तो ओसरीशी आला. ओक्सूनने अक्कांकडे बघितलं. अक्कांनी टोपली उचलली.

झगा मिळाला, लग्न लागलं, फक्त नवरदेव नवरीला वाकून नमस्कार करताना दर वेळी शिंकत होता. लोकांना वाटलं तो खेळाचाच भाग आहे. म्हणे इतक्या टाळ्या त्या लग्नाला कधी पडल्या नव्हत्या.

खेळ संपला तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते.

अक्का फाटकाशी गेल्या. बस नव्हती. फोन पिशवीत होता आणि पिशवी ओक्सूनच्या ओसरीवर. "तवा मात्र भ्यालो बघा वैनी. परक्या मुलखाची भीती न्हवे. तो सह्यांचा कागद डोळ्यांपुढं आला. म्हटलं, शकू, घर गेलं."

त्या परत ओसरीवर येऊन बसल्या. ओक्सूनने चेहरा बघून ओळखलं. तिने चुलीत काटक्या सारल्या, जाळ केला, अक्कांना हाताला धरून खोलीत नेलं आणि जमिनीवर बसवलं. थोड्या वेळाने पिवळा जाड कागद चिकटवलेली ती जमीन तळव्यांखाली कोमट झाली, मग ऊन झाली. अक्का सरळ आडव्याच झाल्या. रडायचं ठरवलं होतं, पण पाठ शेकली जात असताना रडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ओक्सूनने त्यांना उठवून बाहेर नेलं आणि धुराड्याकडे बोट केलं. धूर शांतपणे वर चालला होता. अक्कांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, तिच्या हातात वही दिली, आणि ओक्सूनने जमिनीखालचे दगड कसे लावतात, चुलीच्या मागे धुराला चढ कसा असतो, हे काढून दाखवलं. अक्कांच्या सगळ्या आकृत्यांत तो चढच नव्हता.

मग ओक्सूनची कामाची वेळ संपली. ती आपल्या साध्या कपड्यांत आली आणि नेहमीच्या बसने अक्कांना सोलमध्ये हॉटेलच्या दारापर्यंत सोडून गेली. निघण्यापूर्वी नवरदेवाने अक्कांच्या फोनवरून तो फोटो काढवून घेतला. काढणारी ओक्सून होती, म्हणून ती फोटोत नाही. तोच फोटो अक्कांनी प्रसादला पाठवला. तो शिंकतोय, कारण झगा अजून अंगावर होता.

अक्का परत आल्या. मला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "रविवारी प्रसादकडं जेवायला जातो. तुम्ही पण चला, साक्षीदार आहात."

वाटेत मी म्हटलं, "अक्का, त्याला कुठे माहीत आहे? तासाचा फोटो चुकला एवढंच."

त्यांनी पर्समधून तो कागद काढला आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

जेवणं झाली. अक्कांनी कागद टेबलावर ठेवला. "प्रसाद, पाचव्या दिवशी माझी बस चुकली. दोन तास कुणालाच ठाऊक नव्हतं मी कुठं आहे. सामान कधी न्यायचं ते सांग."

प्रसादने कागद उचलून बघितला. मग म्हणाला, "दोन तास नाही, सव्वादोन तास. आणि बस चुकल्याचं मला ठाऊक होतं. गाइडने माझा नंबर लावला होता, तुझ्या फॉर्मवर होता तो."

"माहीत असून इतके दिवस गप बसलास?"

"तू सांगतेस की नाही ते बघत होतो."

"अय्यो! आईची परीक्षा घ्यालास होय?"

"फोन तरी करायचास, आई!"

"केलो असतो. तुला बेळ्ळंदूरहून हेब्बाळला यायला दीड तास लागतो. कोरियाला कधी पोचला असतास?"

स्मिता तोंडाला पदर लावून आत पळाली. प्रसादलाही हसू आलं, पण त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "काकू, मी त्या दिवशी मीटिंग सोडून बसलो होतो. विमानाची तिकिटं उघडून ठेवली होती. आणि मग तो फोटो आला. बाबा गेल्यापासून मी हिला असं हसताना बघितलं नव्हतं. मी तो फोटो सगळ्या ऑफिसला दाखवला. ही माझी आई, म्हटलं."

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "साक्षीदार म्हणून तुम्ही सांगा. काय करायचं?"

मी लिहिलेलं पुन्हा वाचलं. नियम स्पष्ट होता. मी आयुष्यभर नियमाने वागले आहे, हे तुमचा बाबा सांगेल. मी म्हटलं, "लिहिलंय तसं अक्कांनी यायला हवं. पण किती दिवस ते लिहिलेलं नाही."

अक्का आठ दिवस बेळ्ळंदूरला राहिल्या. तेवढ्यात त्यांनी स्मिताच्या धुण्याच्या यंत्राची जागा बदलली, नातीला धुराचा चढ शिकवला, आणि मंगळवारी परत आल्या. त्या दिवशी दुपारी डोक्यावर पावलं वाजली तेव्हा मी चहाचं आधण दुप्पट ठेवलं.

गेल्या महिन्यात अक्का ताश्कंदला निघाल्या. या वेळी कागद नव्हता. हेब्बाळच्या थांब्यावर विमानतळाच्या बसपर्यंत पोचवायला प्रसाद रजा काढून आला होता, आणि मी होते. त्याने बॅग वर चढवली, उतरून खिडकीखाली उभा राहिला. आम्ही दोघांनी हात वर केले. अक्कांच्या शेजारच्या सीटवर कोणी अनोळखी मुलगी बसली होती, आणि अक्का हातवारे करून तिला काहीतरी समजावून सांगण्यात इतक्या रमल्या होत्या, की बस सुटली, पुलावर चढली, वळली, तरी त्यांनी आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.

प्रसादचा हात अजून वरच होता.

"बघितलंत काकू?" तो म्हणाला. "टाटासुद्धा नाही."

मग हात खाली घेऊन तो इतक्या मोकळेपणाने हसला, की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "चला," तो म्हणाला, "समोर डोसा चांगला मिळतो. आज मला कुठेही जायची घाई नाही."